नकाराचं कलम

त्याच पदाची जाहिरात मी दीड वर्षात तिसऱ्यांदा पाहत होते.

पहिल्यांदा नुसती नजर टाकून पुढे गेले. दुसऱ्यांदा थांबून पूर्ण वाचली. तिसऱ्यांदा पाहिली तेव्हा आमची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास एकाच जागी उभी होती. पुढे एक कंटेनर आडवा झाला होता. बाकीचे लोक खिडकीला डोकं टेकवून झोपले होते आणि मी मोबाईलवर ती जाहिरात उघडून बसले होते. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेला सीमेलगतच्या छावण्यांसाठी संचालक हवा होता. धान्य, पाणी, औषधं, माणसं, गाड्या, सगळं त्या एका माणसाच्या हाताखाली. कुटुंबाला सोबत नेता येणार नाही. आणि अगदी शेवटी एक ओळ, जी मागच्या जाहिरातीत नव्हती: 'निवड झालेल्या उमेदवाराने तातडीने रुजू होणे आवश्यक.'

म्हणजे त्या खुर्चीवर एवढ्यात दोन माणसं बसून उठली होती. का उठली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला ते विचारावंसं वाटलं नाही, कारण मला साधारण अंदाज होता.

मी तेव्हा चाकणच्या एका गोदामाची मॅनेजर होते. गाड्यांचे सुटे भाग आमच्याकडे यायचे आणि तासातासाच्या हिशोबाने पुढच्या कारखान्यांत जायचे. गाडी वीस मिनिटं उशिरा पोचली तर तिकडची लाइन थांबते आणि फोनवर फोन सुरू होतात. माझ्या नोकरीची सुरुवातही याच कामाने झाली होती. पुढे एका ओळखीतून मदतकार्याच्या संस्थेत गेले, कारण तिथेही त्यांना हेच हवं होतं: माल, गाडी, रस्ता, वेळ यांचा मेळ घालणारं माणूस. चाकणला पोचवायचे ते क्लचचे भाग आणि तिकडे पोचवायची ती ज्वारीची पोती, एवढाच फरक आहे असं मला पहिली काही वर्षं खरंच वाटायचं. तीन देशांत मिळून मी नऊ वर्षं काढली. मग एका सकाळी एका कागदावर सही केली, आणि त्यानंतर पाच महिन्यांत काळेवाडीला बाबांकडे परत आले.

ती सकाळ आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या त्या छावणीला धान्य दिवसभराच्या रस्त्यावरून यायचं. ताफ्याचा मुख्य चालक तिथलाच होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो रोज पहाटे मोटारसायकलवरून रस्त्याचा पहिला टप्पा पाहून यायचा. त्या दिवशी परत आला तो माझ्या टेबलासमोर उभाच राहिला. एरवी तो बसायचा.

"विहिरीवर बायका नव्हत्या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"या वेळेला बायका पाण्याला येतात. आज एकही नव्हती. कालही कमी होत्या."

मी आमच्या संचालकांकडे गेले. ते मराठीच, माझ्याच पिढीचे, हुशार, सगळ्यांशी गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी देणगीदारांची मंडळी वाटप पाहायला येणार होती. छावणीतलं गोदाम रिकामं होतं. "विहिरीवर बायका नाहीत हे मी अहवालात कसं लिहू?" ते हसून म्हणाले. "लग्न असेल कुठेतरी. ताफा निघू दे."

ताफा सोडायच्या कागदावर माझी सही लागायची. मी ती केली. चालकाने कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेला. त्या दिवशी दोन ट्रक गेले आणि एक परत आला. तो चालक पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढे चौकशी झाली, अहवाल आला, त्यात 'स्थानिक परिस्थितीचे आकलन अपुरे पडले' असं एक वाक्य होतं. कुणाचं आकलन, ते लिहिलं नव्हतं. माझं नाव कुठेच नव्हतं, त्यांचंही नव्हतं. आणि आता मी ज्या खुर्चीसाठी अर्ज करू पाहत होते, ती 'ताफा निघू दे' म्हणणाऱ्या माणसाची होती.

बस हलली. भोसरीपर्यंत मी अर्जाची पहिली दोन पानं भरून टाकली होती.

बाबांना मी आठवड्याने सांगितलं. बाबा आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं असेंब्लीवर होते आणि त्यातली बरीच वर्षं युनियनच्या कमिटीत. आई गेल्यापासून ते एकटेच होते, मी परत आल्यावर त्यांनी मला कधीच 'का आलीस' म्हणून विचारलं नव्हतं. आताही ते एवढंच म्हणाले, "परत तिकडंच?"

"तिकडं नाही. दुसरीकडं."

"पण तसंच."

"हो, तसंच."

त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा अडचण निराळीच निघाली. आमच्या भिंतीला लागून एक छोटं वर्कशॉप आहे. तिथे दिवसभर पॉवर प्रेसवर वॉशर निघतात. धप्, धप्, धप्. आम्हाला ते ऐकूही येत नाही इतकी सवय झालेली. पण मुलाखत ऑनलाइन होती, चार देशांतली चार माणसं एकाच वेळी बसणार होती. मी वर्कशॉपवाल्याला जाऊन विचारलं, तासभर मशीन बंद ठेवता येईल का.

"ताई, एक ते दोन आमची जेवणाची सुट्टी," तो म्हणाला. "त्या वेळात उरकून घ्या. दोननंतर मला थांबवता येणार नाही, माल द्यायचाय."

मी संस्थेकडून एकची वेळ मागून घेतली.

तयारी मी पद्धतशीर केली होती. 'तुम्हाला पश्चात्ताप वाटतो असा एखादा निर्णय सांगा' हा प्रश्न येणार हे ठरलेलं असतं, आणि त्याचं एक बेताचं उत्तर तयार ठेवायचं असतं. थोडी चूक, थोडा धडा, शेवटी सुधारणा. माझ्याकडे तसं उत्तर होतं. तंबूंच्या खरेदीत झालेल्या घोळाचं. प्रश्न आला तेव्हा मी तोंड उघडलं आणि विहिरीचं सांगायला लागले.

 माझं संपल्यावर चौघांतल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुम्ही सही केली नसती तर काय झालं असतं?"

"बहुतेक मला कामावरून काढलं असतं."

"आणि ताफा?"

"दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊन गेला असता."

"मग तुमच्या सहीने काय फरक पडला?"

मी म्हणाले, "त्याने ती खिशात ठेवली. त्याला वाटलं असेल, मी विचार करून केली आहे."

बाई काहीतरी लिहू लागल्या. तेवढ्यात दोन वाजले आणि भिंतीपलीकडे प्रेस सुरू झाला. धप्. मग जरा अंतराने पुन्हा धप्. स्क्रीनवरचा एक माणूस, जो सीमेजवळच्याच शहरातून बोलत होता, ताडकन खुर्ची मागे सारून उभा राहिला. त्याचा चेहरा चौकटीबाहेर गेला, फक्त शर्ट दिसत होता. मग तो पुन्हा खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "हा आवाज तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "शेजारी कारखाना आहे. वॉशर बनवतात."

तो हसला, पण बसला नाही. उरलेली मुलाखत त्याने उभ्यानेच दिली, म्हणजे घेतली. मी उत्तरं देत होते आणि माझं लक्ष त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे होतं. ती वर-खाली होत होती.

नियमाप्रमाणे माझ्याबद्दल लिहून द्यायला मदतकार्यातल्या माझ्या शेवटच्या वरिष्ठांची गरज होती. म्हणजे त्याच संचालकांची. ते आता दुसऱ्या संस्थेत आणखी वरच्या जागी होते. मी हिंजवडीला एका कामासाठी गेले होते, तिथून त्यांना फोन लावला. ते मनापासून खूश झाले.

"अगं, लिहितो की! तुझ्यासारखी माणसं आहेत कुठे?" मग जरा थांबून, अगदी सहज, "ते प्रकरण नाही ना काढलंस मुलाखतीत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढलंस?"

"त्यांनी पश्चात्तापाचं विचारलं."

 पुढे ते बोलले तेव्हा आवाज तोच गोड होता. "हरकत नाही. मग मलाही विचार करून लिहावं लागेल."

त्यांनी काय लिहिलं ते मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी कामावर असताना समोरच्या आजींचा फोन आला. त्या मूळच्या काळेवाडीच्याच, गावठाणातल्या. त्यांच्याकडे माझा नंबर फक्त अडीअडचणीसाठी होता, त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी हातातलं काम टाकून फोन उचलला. वाटलं, बाबांना काही झालं.

"बाबा हाय बरा," त्या आधीच म्हणाल्या. "पर एक मानूस आल्ता. तुझ्याबद्दल इचारत व्हता."

"कोण माणूस?"

"न्हाई म्हाईत. हेल्मेट काढलं न्हाई त्यानं. ही इथं कवापास्नं राहती, घरी कोन कोन येतं, कुनाशी भांडान हाय का. दाराचा फोटू काढला. आमी काय सांगितलं न्हाई."

संध्याकाळी घरी आले तर बाबा ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याशी तो बोललाच नव्हता. सगळ्या गल्लीला विचारून आमच्या दारावरून निघून गेला होता. दोन दिवस मी बसस्टॉपवर प्रत्येक हेल्मेटकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी संस्थेला लिहून विचारलं. उत्तर आलं की तो त्यांनी नेमलेल्या पडताळणी कंपनीचा माणूस, ही नेहमीची पद्धत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खुलासा झाला, पण गल्लीचं व्हायचं ते झालं होतं. आजी पुढे कितीतरी दिवस मला आल्यागेल्याची खबर द्यायच्या आणि खालच्या आवाजात म्हणायच्या, "त्यो न्हाई आला परत."

तीन आठवड्यांनी कळवलं गेलं की माझा क्रमांक दुसरा आहे. पहिल्या उमेदवाराने जागा स्वीकारली होती. ती मेल मी गोदामात, फोर्कलिफ्टच्या वाटेत उभी राहून वाचली. आधी अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाची लाज वाटली, आणि लाजेने दुपारभर मी सगळ्यांवर खेकसत होते.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं." मग जेवताना पुन्हा म्हणाले, "तुला वाईट वाटलं असेल तर तसं सांग."

"माहीत नाही."

"मग बरं झालं का वाईट झालं, आपण पुढं बघू."

पुढं बघायला फार वेळ लागला नाही. सहाव्या महिन्यात संस्थेतल्या निवड विभागाच्या बाईंचा फोन आला. जागा पुन्हा रिकामी झाली होती. मी अजून इच्छुक आहे का?

"आधीचे का गेले?"

"वैयक्तिक कारणांमुळे."

"मला त्यांच्याशी बोलता येईल?"

"ते आम्हाला योग्य वाटत नाही," बाई म्हणाल्या. आवाज सौम्य होता, पण दार बंद झालं होतं.

जागा सोडून गेलेल्या त्या गृहस्थांना शोधून काढणं अवघड नव्हतं. या क्षेत्रात सगळे एकमेकांना एक-दोन माणसांआड ओळखतात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः फोन केला. ते आपल्या गावी, घराच्या बागेत बसले होते. मागे पाखरांचा कलकलाट ऐकू येत होता. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर घडलं असणार आणि ते मला सांगतील.

"काहीच घडलं नाही," ते म्हणाले. "रोज सकाळी साडेसहाला फोन येतो. ताफा सोडायचा का? तुमच्याकडे दहा मिनिटं असतात. नकाशावर सगळं हिरवं, म्हणजे सुरक्षित असतं. तुम्ही हो म्हणता आणि संध्याकाळी ताफा पोचल्याचा निरोप येईपर्यंत पाणीसुद्धा नीट गिळवत नाही. पोचतो. मग दुसरी सकाळ. मी चार महिने रोज हो म्हणालो, आणि एकदाही काही झालं नाही."

"मग?"

"शेवटच्या दिवसांत मला वाटायला लागलं, आता व्हायलाच पाहिजे. एकदाचं होऊन जाऊ दे. ज्या सकाळी हा विचार आला, त्या सकाळी मी राजीनामा लिहिला."  मग म्हणाले, "तुम्ही नकाशा वाचणाऱ्या माणसांना विचारू नका. रस्त्यावर जाणाऱ्यांना विचारा. मला तेवढी सवड कुणी दिली नाही. मीही मागितली नाही."

त्यांच्याशी बोलून झाल्यावर मी संस्थेला एक अट घालून पत्र लिहिलं. पगार, रजा, विमा यांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. करारात एकच वाक्य हवं होतं. ताफ्याच्या मुख्य चालकाला, त्या दिवशी रस्त्यावर जाण्यास नकार देण्याचा अधिकार असेल. त्याला कारण द्यावं लागणार नाही. त्याचा नकार अंतिम असेल आणि त्यासाठी त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. भाषा अतिशय आपुलकीची होती. माझी भावना त्यांना पूर्णपणे समजली होती, आणि त्यांनी करारात पुढील वाक्य घातलं होतं: 'ताफा सोडण्याचा निर्णय घेताना मुख्य चालकाचे मत विचारात घेतले जाईल.'

मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काहीतरी मिळालं असं वाटलं. मी ते बाबांना मराठीत करून वाचून दाखवलं. बाबांनी टीव्ही बंद केला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"करार वाचताना क्रियापद बघायचं," ते म्हणाले. "नाव कुणाचंही घालतात. कामगार घालतात, युनियन घालतात, फोटो लावतात. सगळी गंमत क्रियापदात असते. विचारात घेतले जाईल! आमच्या वेळी लाइनचा स्पीड वाढवायचा होता तेव्हा हेच लिहिलं होतं. आम्ही अडाणी, सही करून पेढे वाटले. मग त्यांनी आम्हाला बोलावलं, चहा पाजला, एक तासभर आमचं विचारात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गेटावर नोटीस लावली. स्पीड वाढला."

"मग काय करू?"

"परत पाठव. तुझंच वाक्य लिही. एक अक्षर बदलू नको."

"नाही म्हणाले तर?"

"तर तू चाकणला जातीसच की रोज."

मी परत पाठवलं. या वेळी सोळा दिवस गेले. त्या सोळा दिवसांत मी दोनदा मेल लिहायला घेतली, की चालेल, तुमचं वाक्य चालेल. दोन्ही वेळा पाठवली नाही. शेवटी कराराचा नवा मसुदा आला, त्यात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. त्याच्यापुढे तीन शब्द जोडले होते: 'पहिल्या सहा महिन्यांकरिता.'

बाबांनी त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं. "घे," म्हणाले. "सहा महिने म्हणजे सहा महिने. आम्हाला तर सहा दिवस पण कुणी दिले नव्हते."

कराराबरोबर फॉर्मचा एक गठ्ठाच आला होता. रक्तगट, लसी, मृत्यू झाल्यास कुणाला कळवायचं. हे सगळं मी पूर्वीही भरलेलं होतं. सर्वांत खाली जो होता तो मात्र मी कधी भरला नव्हता, कारण तो फक्त वरच्या पदांना असतो. त्यात तीन प्रश्न लिहायचे होते. माझ्याशिवाय कुणालाही उत्तर माहीत नसेल असे, इंटरनेटवर सापडणार नाही असे. सूचनेत लिहिलं होतं की उत्तर आठवताना बरं वाटेल अशीच आठवण निवडावी.

रविवारची सकाळ होती. बाबा शेजारी कांदे चिरत होते.

"बँकेत विचारतात तसं का?" ते म्हणाले. "पाळलेल्या कुत्र्याचं नाव?"

"तसंच काहीसं."

"कोण विचारणार हे?"

"ऑफिस."

"तुला?"

मला तिथेच हो म्हणता आलं असतं. पण बाबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि क्रियापद बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं सोपंही नसतं.

"मला थेट नाही," मी म्हणाले. "मला कुणी धरून नेलं, तर ऑफिस त्या लोकांना हा प्रश्न विचारणार. त्यांनी मला विचारून बरोबर उत्तर आणलं, तर मी जिवंत आहे असं ऑफिसला कळणार."

सुरी थांबली. मग बाबा उठले, मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. नळ कितीतरी वेळ चालू होता. मी फॉर्मवरची रिकामी रेघ पाहत बसले. भिंतीपलीकडे रविवारमुळे मशीन बंद होतं आणि घर इतकं शांत होतं की नळाचा आवाज मोठा वाटत होता.

बाबा बाहेर आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तू दुसरीत होतीस," ते म्हणाले, "आणि एकदा मी तुला सेकंड शिफ्टला जाताना आकुर्डी स्टेशनपर्यंत सायकलवर नेलं होतं. आईला न सांगता. आठवतं?"

मला आठवत होतं. त्या दिवशी स्टेशनबाहेर काय झालं आणि बाबा काय म्हणाले, हे त्यांनी मला सांगितलं, आणि मग मी जे विसरले होते तेही सांगितलं. आम्ही दोघं बराच वेळ हसलो. तो माझा पहिला प्रश्न झाला. तो मी इथे लिहू शकत नाही. तो अजून वापरात आहे.

मी रुजू झाले. पहिले तीन आठवडे मुख्य चालक रोज सकाळी फोनवर फक्त 'जातो' म्हणायचा. तो माझ्याहून लहान आहे, पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. त्याला मी ते कलम त्याच्या भाषेत लिहवून दिलं होतं. त्याने ते वाचून परत दिलं. त्याचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तो म्हणाला, "आज नको."

मी कारण विचारलं नाही. विचारायचं नाही असं मीच लिहून घेतलं होतं. मी ताफा थांबवला. छावणीच्या फाटकाशी बायका रिकामे डबे घेऊन दुपारपर्यंत बसून होत्या. एक म्हातारी मला पाहून उभी राहिली आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलली. दुभाष्याने ते मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो म्हणाला, "नको." मुख्यालयातून विचारणा आली: पडताळून पाहता येईल असं कारण कळवा. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं, मुख्य चालकाने नकार दिला आहे. तिसऱ्या दिवशी तो 'जातो' म्हणाला आणि ताफा गेला.

त्या दोन दिवसांत रस्त्यावर काही झालं का, हे मी सगळ्यांना विचारलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं. झालं असतं का, हे सांगणारा कुणी नाही. त्याच दोन दिवसांत पोषण केंद्रातली दोन मुलं गेली. ती आधीपासूनच फार आजारी होती. धान्य उशिरा आलं म्हणून गेली का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी त्या मुलांच्या आयांना भेटायला गेले होते. काय बोलले ते मला आठवत नाही. एकीने माझा हात धरला होता आणि तो मी सोडवून घेऊ की नको, हे मला कळत नव्हतं.

आता मी दोन आठवड्यांच्या रजेवर काळेवाडीला आले आहे. सहा महिने पुढच्या महिन्यात संपतील. कलम चालू ठेवायचं की नाही, याबद्दल माझं मत मुख्यालयाने लेखी मागवलं आहे. बाबांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, नकाराची आणि मुलांची. मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, "तो मास्तर अजून आहे का कामावर?"

"आहे."

"परत कधी नको म्हणाला?"

"एकदा. तेव्हा एकच दिवस."

"आणि तू थांबवलंस."

"थांबवलं."

 हे चूक की बरोबर, ते बाबांना ठाऊक नव्हतं. मलाही नाही, आणि यापुढेही कळेल असं वाटत नाही. ज्या दिवशी कळेल तो दिवस चांगला नसेल.

काल दुपारी मी उत्तर लिहिलं. कलम कायम ठेवावं, 'पहिल्या सहा महिन्यांकरिता' हे शब्द काढून टाकावेत, आणि सुरक्षित साठा म्हणून पोषण केंद्राला निदान चार दिवसांचं धान्य वेगळं ठेवावं, जे आपण पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं आणि मी केलं नाही. हे शेवटचं वाक्य लिहून मी खोडलं आणि मग पुन्हा लिहिलं. संध्याकाळी तिकडून एक ओळ आली: 'तुम्ही आल्यावर बोलू.' क्रियापद बोलण्याचं आहे, ठरवण्याचं नाही. गुरुवारचं विमान आहे.